चार आयुक्तालयं, एक ग्राउंड

पोलीस भरती निघाली की महाराष्ट्रात एक वेगळाच मोसम सुरू होतो. अकॅडम्यांचे फ्लेक्स लागतात, त्यावर मागच्या बॅचच्या सिलेक्ट झालेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो, पहाटे चार-साडेचारला हायवेच्या कडेकडेने पोरंपोरी पळायला लागतात, टेलिग्रामवर चालू घडामोडींच्या पीडीएफचा नुसता पूर. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज गेले सतरा लाखांच्या वर, म्हणजे एका जागेमागे शंभरेक जण. या शंभरात मुंब्रा, भिवंडी, गोवंडी, कुर्ला, मीरा रोडचं नयानगर इथली मुस्लिम पोरं किती आणि शेवटच्या यादीत उरतात किती, हे विचारलं की लगेच दोन बाजूंनी आरडाओरडा सुरू होतो. एक बाजू म्हणते पोलिसात धर्म कशाला मोजता, दुसरी म्हणते आमच्या पोरांना घेतच नाहीत. आणि त्या गोंधळात जे करता येण्यासारखं आहे ते तसंच पडून राहतं.

मला वाटतं ते असं. मुंबईच्या आसपासच्या शहरांना आपल्या पोलीस दलात मुस्लिम पोरंपोरी हव्या असतील, आणि त्या हव्यातच, तर ते एकेका शहराच्या आवाक्यातलं काम नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर वसई-विरार ही चार आयुक्तालयं आणि तिथल्या महापालिका यांनी मिळून भरतीच्या आधीची तयारी एकत्र करून घेतली पाहिजे. आरक्षण नको, कट-ऑफ खाली आणायला नको, ग्राउंडमध्ये, म्हणजे शारीरिक चाचणीत, सूट तर अजिबात नको. फक्त भरतीच्या दारापर्यंत पोचायचा रस्ता नीट करा.

आधी आकडे, जे आहेत ते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के. मुंबईत वीस टक्क्यांच्या वर. भिवंडीत निम्म्याहून जास्त, मालेगावात जवळपास ७९ टक्के. देशातल्या मुस्लिमांची स्थिती बघायला केंद्राने नेमलेल्या सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की पोलीस शिपायांत मुस्लिमांचं प्रमाण सहा टक्के आहे. राज्य सरकारने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी नोकऱ्यांत मुस्लिम ४.४ टक्के असल्याचं सांगितलं. आणि त्याच सुमाराची गंमत अशी की एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं केंद्राचं खातं, देशभरातल्या पोलिसांचे धर्मनिहाय आकडे छापायची, ते २०१३ नंतर बंदच केले. आकडा वाईट आहे म्हणून मोजायचंच बंद! वजन वाढलं म्हणून वजनकाटा माळ्यावर टाकून देणारे लोक आपल्या ओळखीत असतात, हे तसलंच.

बरं, आपल्याकडे "अल्पसंख्याक" म्हटलं की त्यात मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारसी आणि २०१६ पासून ज्यूसुद्धा येतात. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याने "आम्ही इतक्या अल्पसंख्याक उमेदवारांना प्रशिक्षण दिलं" असं सांगितलं तरी त्यावरून मुंब्र्याच्या पोराचं काय झालं ते कळत नाही. बौद्ध समाजाला महाराष्ट्रात अनुसूचित जातीचं आरक्षण आहे, तिथे शिक्षणाची आणि भरतीची मोठी परंपरा आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सगळं एका खान्यात टाकलं की खाना भरलेला दिसतो, बस.

आता तो नेहमीचा मुद्दा, खाकीला धर्म नसतो. ऐकायला छान आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या ओळखीतले बरेच पोलीस खरंच तसे वागतात. पण सरकारनेच नेमलेल्या न्यायमूर्तींनी काय लिहून ठेवलंय ते पण बघा ना. १९७० च्या भिवंडी-जळगाव-महाड दंगलींवर मादन आयोग बसला, त्याने पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवलं. १९९२-९३ च्या मुंबईवर श्रीकृष्ण आयोग बसला, ९०० माणसं मेली होती, त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू, आणि १९९८ मध्ये अहवाल आला त्यातही पोलिसांच्या मनात मुस्लिमांबद्दल आधीपासूनच पूर्वग्रह होता हे स्पष्ट म्हटलंय. हे आयोग जुने झाले म्हणाल तर २०१३ घ्या. देशातल्या पोलीस महासंचालकांच्या परिषदेसाठी तीन राज्यांच्या प्रमुखांनी मिळून एक टिपण केलं होतं, त्यात आपले तेव्हाचे महासंचालक संजीव दयाळ होते, आणि त्यात पोलिसांनी स्वतःच कबूल केलंय की मुस्लिम समाजाचा आपल्यावर विश्वास कमी आहे आणि दलात त्यांची संख्या कमी असणं हे त्यातलं एक कारण आहे. कुठल्या एनजीओने नाही, खुद्द डीजींनी. म्हणजे खाकीला धर्म नसतो हे ज्यांनी म्हणायचं तेच म्हणतायत की बाबांनो जरा बघा.

आणि दंगल सोडा हो, दंगल रोज होत नाही. रोजचं काय होतं ते महत्त्वाचं. पोलीस स्टेशनला ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बुरख्यातली एक बाई बसलेली असते, नवऱ्याने मारलंय, तिला मराठी तुटकं येतं, तिची हिंदी वेगळ्याच वळणाची, समोरचा हवालदार सातारा किंवा बीडकडचा, बारा तासांची ड्यूटी उरकत आलेली, तो काही वाईट माणूस नाही, पण तिचं तलाक, मेहेर, सासरच्या नात्यांची नावं हे सगळं त्याला कळेपर्यंत ती निम्मं गिळून टाकते आणि प्रकरण एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, आटपतं. तिथे त्याच भागात वाढलेली एखादी महिला शिपाई असती तर पाच मिनिटांत विषय समजला असता. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. काम नीट होण्यासाठी जे लागतं ते आहे हे. गोपनीय शाखेत काम केलेल्या कुठल्याही पोलिसाला विचारा, वस्तीतल्या माणसाच्या तोंडून बातमी कशी निघते आणि कशी निघत नाही, तो तुम्हाला दोन तास सांगेल.

दुसऱ्या बाजूने येणारा प्रश्न जास्त टोकदार आहे. मुंब्र्यातलेच लोक विचारतात की मुस्लिम पोलीस आला म्हणून काय होणार, खाकी चढली की तोपण तसाच. याला उडवून लावता येत नाही. अमेरिकेत मेम्फिसला जानेवारी २०२३ मध्ये एका काळ्या तरुणाला पोलिसांनी मरेस्तोवर मारलं, ते पाचही पोलीस काळेच होते. त्यामुळे नुसतं भरती केली की झालं असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण त्याच अमेरिकेत शिकागोच्या पोलिसांच्या नोंदींचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, एकाच भागात एकाच प्रकारच्या ड्यूटीवरचे काळे आणि गोरे पोलीस त्यांनी ताडून बघितले, तर काळ्या पोलिसांनी लोकांना कमी अडवलं, कमी अटका केल्या आणि बळाचा वापर कमी केला, आणि हा फरक काळ्या नागरिकांच्या बाबतीत जास्त दिसला, तोही किरकोळ प्रकरणांत, जिथे अडवायचं की सोडायचं हे पोलिसाच्या मर्जीवर असतं. म्हणजे माणूस बदलला की काहीतरी बदलतं, सगळं नाही. एवढं मला पुरेसं आहे.

आता अडतं कुठे ते बघू, कारण लोकांना वाटतं इंटरव्ह्यूला नाव बघून काढून टाकतात. अहो शिपाई भरतीला इंटरव्ह्यूच नसतो. ५० मार्कांचं ग्राउंड, १०० मार्कांची लेखी, मेरिट लागतं. ग्राउंडला पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. बारावी पास पाहिजे. नियम सगळ्यांना सारखे. मग?

मग एक म्हणजे कागद. मुस्लिमांतल्या कितीतरी जाती महाराष्ट्रात ओबीसीत आहेत, मोमीन आहेत, अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी. म्हणजे कागदावर आरक्षण आहे. पण ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि जात तीच होती याचा पुरावा लागतो. भिवंडीच्या लूमवर काम करणाऱ्या अन्सारी कुटुंबाचा आजोबा आझमगडहून सत्तरच्या दशकात आला असेल तर विषयच संपला, नातू इथेच जन्मला, इथेच शिकला, इथेच मरणार, पण इथला ओबीसी नाही. आणि ज्यांचे आजोबा आधीपासून इथेच होते त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मोमीन नाही, नुसतं "मुसलमान" लिहिलेलं, कारण त्या काळच्या मास्तरांना ते पुरेसं वाटलं. मग तहसील, दाखले देणारं सेतू केंद्र, पडताळणी समिती, एजंट, आणि तोवर अर्जाची तारीख निघून जाते. पोरगं ओपनमधून फॉर्म भरतं आणि चार-पाच मार्कांनी राहतं. हे जे चार-पाच मार्क आहेत ना, त्यांच्याबद्दल कुणी भाषण करत नाही.

दुसरी अडचण लेखीची. पेपर मराठीत असतो, अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. असावाच मराठीत, महाराष्ट्राच्या पोलिसाला मराठी आलंच पाहिजे, यावर माझी काही तक्रार नाही. मी शनिवार-रविवार मुंब्र्याजवळच्या कौसाला एका क्लासमध्ये हे व्याकरण शिकवायला जातो म्हणून सांगतो, पोरं उर्दू मीडियमची, बहुतेक मुली, यातल्या एकीलाही मराठी "येत नाही" असं म्हणता येणार नाही, रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, ठाण्याच्या सिव्हिलमध्ये सिस्टरशी त्या मराठीत बोलतात. पण "शिपायाने चोर पकडला" हे वाक्य फळ्यावर लिहून प्रयोग कोणता विचारलं की वर्ग गप्प. कर्मणी म्हटलं तर का कर्मणी? "शिपायाने चोराला पकडले" केलं तर तो भावे कसा झाला? एका मुलीने विचारलं की सर चोर तर दोन्हीकडे पकडलाच गेला ना. मला हसू आलं आणि मग वाटलं की हा प्रश्न बरोबर आहे, हे मराठी मीडियमच्या पोरालाही कळत नाही, फरक एवढाच की त्याने हे पाचवीपासून दहावीपर्यंत पाठ केलेलं असतं आणि हिला मराठी हा विषय जेमतेम भेटलाय, तोही अनेकदा बदलीवर असलेल्या शिक्षकाकडून. अकॅडम्या गावाकडे आहेत, पुण्यात आहेत, सगळ्या मराठी मीडियमवाल्यांसाठी चालतात. उर्दू मीडियममधून आलेल्या पोराला मराठी व्याकरण कुठून सुरू करून शिकवायचं याचं साधं पुस्तकपण बाजारात धड मिळत नाही, आम्ही झेरॉक्सवर भागवतो.

ग्राउंडचं तर विचारूच नका. पोरं मुंब्रा बायपासच्या कडेने पळतात, बाजूने कंटेनर. १६०० मीटर पाच-सव्वापाच मिनिटांत काढायचं तर मोजलेला ट्रॅक लागतो, वेळ लावणारा माणूस लागतो. गोळा कुणाकडे असतो कुणाकडे नसतो. मुलींना पहाटे अंधारात रस्त्यावर पळायला घरचे सोडत नाहीत आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, मीपण माझ्या मुलीला त्या रस्त्यावर सोडलं नसतं.

सरकारी योजना आहे, नाही असं नाही. पंतप्रधानांचा नवा १५ कलमी कार्यक्रम २००६ मध्ये आला त्यात पोलीस भरतीत अल्पसंख्याकांचा खास विचार व्हावा असं म्हटलंय. महाराष्ट्रात २००८ मध्ये अल्पसंख्याक विकास विभाग झाला आणि त्याने भरतीपूर्व प्रशिक्षण सुरू केलं, जिल्हाधिकारी संस्था नेमतात, जाहिरात निघते, पोरं येतात, काही आठवड्यांत वर्ग संपतो. कल्पना चांगली पण दोन ठिकाणी ती मार खाते. एक तर हा वर्ग छोटा असतो, ज्याला व्याकरणाचा पायाच नाही त्याला तेवढ्यात काय होणार. आणि दुसरं म्हणजे ती जिल्ह्याच्या हिशोबाने चालते, शहरांच्या नाही. कलेक्टर ऑफिस वर्ग घेतं, भरती करतं पोलीस आयुक्तालय, ग्राउंड असतं महापालिकेचं, उर्दू शाळापण महापालिकेची, आणि हे तिघे एकमेकांशी बोलतात कधी तर गणपतीच्या आणि मोहरमच्या बंदोबस्ताच्या मीटिंगला.

इथेच एकत्र येण्याचा मुद्दा येतो, आणि मला तो फर्ग्युसनमुळे जास्त पटला. पुण्याचं कॉलेज नाही, अमेरिकेतलं मिझुरी राज्यातलं गाव. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिथे मायकल ब्राऊन या काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली आणि सगळा देश पेटला. गावातली दोन तृतीयांश वस्ती काळी आणि पन्नासेक पोलिसांत काळे तीन-चार. लोकांनी विचारलं तुम्ही काळे पोलीस का घेत नाही, तर तिथला तिढा असा की सेंट लुईस काउंटीत जवळपास ९० छोटी छोटी गावं, त्यातल्या साठेकांचं आपापलं पोलीस खातं, कुणाचं खातं पाच-दहा माणसांचं. प्रत्येक गाव आपली जाहिरात देणार, आपला पगार ठरवणार, आणि चांगला काळा उमेदवार मिळालाच तर शेजारचं श्रीमंत खातं त्याला उचलणार. सगळे एकाच छोट्या डबक्यात गळ टाकून बसलेले आणि डबक्यात पाणी वाढवायचं काम कुणाचंच नाही. त्यानंतर तिथे जो विचार सुरू झाला तो हाच की प्रशिक्षण, चाचणी, शाळा-कॉलेजात जाऊन पोरांना बोलावणं, हे शेजारच्या गावांनी मिळून करावं, आपापली भरती नंतर करा.

आपल्याकडे पगाराची ओढाताण नाही, शिपायाचं मूळ वेतन २१,७०० कुठेही तेवढंच. पण घटकांची ओढाताण आहेच. भरती घटकनिहाय होते, प्रत्येक आयुक्तालयाची, प्रत्येक एसपीची वेगळी जाहिरात, वेगळी बिंदुनामावली म्हणजे कुठल्या प्रवर्गाला किती जागा त्याची यादी, वेगळा कट-ऑफ, आणि एका पदासाठी एकाच घटकात फॉर्म भरता येतो. त्यामुळे फॉर्म कुठे टाकायचा हाच एक मोठा जुगार. अकॅडमीतल्या पोराला सर सांगतात की यंदा मुलींच्या जागा कुठे जास्त आहेत, कुठला घटक टाळायचा, मागचा कट-ऑफ किती. गोवंडीच्या पोराला हे सांगणारं कुणी नाही, तो घराजवळचं म्हणून मुंबईला टाकतो, जिथे अख्खा महाराष्ट्र येऊन कोसळतो. शेजारी नवी मुंबईत किंवा मीरा-भाईंदरला त्याच्या प्रवर्गात जागा जास्त असतील तरी त्याला पत्ता नसतो. चार आयुक्तालयांनी जाहिरातीच्या आधी एकत्र बसून एक साधं पत्रक काढलं, कुठे किती जागा, मागच्या वेळी कुठे किती मार्कांवर थांबलं, मराठीत आणि उर्दूत, आणि ते प्रत्येक पालिकेच्या उर्दू शाळेत, ज्युनियर कॉलेजात लावलं तर खर्च किती? छपाईचा.

मालेगावची तर आणखी मजा आहे. एवढं मोठं शहर, स्वतःची महापालिका, पण पोलिसांच्या नकाशावर ते नाशिक ग्रामीणमध्ये. तिथे मालेगाव, धुळे, नाशिक यांना असंच काहीतरी करावं लागेल. २००६ च्या स्फोटानंतर जे नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले आणि २०१६ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केले, ते त्याच शहरातलं प्रकरण आहे. तिथल्या पोराला जाऊन "पोलिसात ये" म्हणायचं तर आधी काय काय ऐकून घ्यावं लागेल याचा अंदाज येतो.

म्हणून समाजाच्या बाजूनेपण बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल असं नाही, पण खोटा होईल. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक लोकवस्ती चाळीस टक्क्यांच्या वर आणि पोलिसात कॅथलिक आठ टक्के. १९९९ मध्ये पॅटन अहवाल आला, २००१ मध्ये जुनं दल मोडून नवीन नावाचं दल आणलं आणि दहा वर्षं नियम केला की नवीन भरतीत निम्मे कॅथलिक, निम्मे बाकीचे. दहा वर्षांत आठाचे जवळपास तीस टक्के झाले. सगळे हा ५०-५० चा नियम लक्षात ठेवतात पण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट झाली. तिथल्या कॅथलिकांतली गेलिक, म्हणजे देशी आयरिश, खेळांची मोठी संघटना, गावागावात क्लब, तिचा जुना नियम होता की पोलिसात असलेल्याला सभासद होता येणार नाही. तो नियम २००१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतः काढला. म्हणजे पोलिसात गेलास तर मैदानावर यायचं नाही, ही जी गावातली शिक्षा होती ती उठली. शिन फेन या कॅथलिकांच्या पक्षाला मात्र पोलीस मान्य करायला २००७ उजाडलं. आणि २०११ मध्ये रोनन केर नावाच्या तरुण कॅथलिक पोलिसाला त्याच्याच समाजातल्या अतिरेक्यांनी गाडीखाली बॉम्ब लावून मारलं, तेव्हा त्याच्या शवपेटीला त्या खेळ संघटनेच्या लोकांनी आणि पोलिसांनी मिळून खांदा दिला.

आपल्याकडे एवढं रक्ताचं काही नाही, पण शिक्षा आहे. "खबरी झालास का", "अब अपनों को ही मारेगा" हे टोमणे मी ऐकलेत. मोहल्ल्यात नमाजाच्या वेळा, रमजानचं टाइमटेबल, रक्तदान, सगळ्याच्या घोषणा होतात, भरतीच्या जाहिरातीची होताना मी तरी ऐकली नाही. पुढारी निवडणुकीत सच्चर समिती वाचून दाखवतात आणि शाळेला मराठीचा शिक्षक मिळावा म्हणून पालिकेत एक पत्र देत नाहीत. दाढीचा प्रश्न दर वेळी निघतो, एसआरपीएफच्या, म्हणजे राज्य राखीव दलाच्या, एका जवानाची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, कोर्टाने फक्त धार्मिक काळापुरती दाढीची तडजोड सुचवली, त्याने नाकारली. शिखांना पगडी-दाढी चालते मग आम्हाला का नाही हा प्रश्न योग्य आहे, तो लढावा, कोर्टात लढावा. पण माझ्या वर्गातल्या मुलींचा तो प्रश्नच नाही आणि मुलांतले बहुतेक रोज सकाळी दाढी करूनच येतात.

मुलींवरूनच सांगतो, पहिली उडी त्याच मारतील. तीस टक्के जागा महिलांच्या, बारावीला मुलींचे निकाल चांगले, आणि घरात लग्नाची घाई असली तरी सरकारी नोकरीचं नाव काढलं की अब्बू जरा थांबतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अडचण फक्त सुरक्षित ग्राउंडची आणि त्या व्याकरणाची. पोलीस मुख्यालयाचं परेड ग्राउंड सकाळी दोन तास मुलींसाठी, एक महिला पीटी इन्स्ट्रक्टर, गेटवर पोलीस, आणि बस पालिकेची. ठाण्याला ग्राउंड आहे, भिवंडीच्या पोरी तिथे जाऊ शकतात. गोवंडीच्या पोरींना खाडी ओलांडली की नवी मुंबई जवळ. हद्द कोणाची हा प्रश्न पळणाऱ्या पोरीला पडत नाही, तो फाईलला पडतो.

कुणी म्हणेल नियम बदलत नाहीत. बदलतात की. तृतीयपंथीयांना फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने सुनावलं आणि सरकारला लगेच सोय करावी लागली. आणि पोलिसांनी स्वतःहून केलेलंही आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि १९८८ पासून त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, हिंदू-मुस्लिम सामान्य माणसं आणि बीटचा पोलीस एकत्र बसायचे. शेजारची मुंबई जळत होती तेव्हा १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. त्याला कुठलाही कायदा बदलावा लागला नाही. पण अधिकारी बदलला की अशा गोष्टी विरतात, कारण त्या एका माणसाच्या असतात. चार आयुक्तालयांचा लेखी करार असेल, दरवर्षीचं बजेट असेल, तर एकाची बदली झाली तरी बाकी तिघे असतात.

राहता राहिला तो लांगूलचालनाचा आरोप, तो होणारच, आणि कायद्याची अडचणपण खरी आहे. घटनेच्या कलम १६ (२) मध्ये धर्म आणि राहण्याचं ठिकाण या दोन्हींवरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. त्यामुळे उत्तर आयर्लंडचा ५०-५० इथे चालणार नाही, त्यांना त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता. लंडनच्या पोलिसांनी २०१४ मध्ये फक्त लंडनमध्ये राहणारेच घेऊ असा नियम केला होता, तोही आपल्याकडे टिकणार नाही. पण वर्ग कुठे भरवायचा यावर घटनेची काही बंदी नाही. तो सगळ्यांना खुला ठेवा, ज्यांचं घरचं उत्पन्न कमी त्यांना फुकट, धर्म विचारूच नका. फक्त तो कौसात भरवा, भिवंडीत शांतीनगरला भरवा, गोवंडीत शिवाजीनगरला, मीरा रोडला नयानगरात. शिकवायला मराठीचे असे शिक्षक आणा ज्यांना उर्दू मीडियमच्या पोरांची सवय आहे. सेतूचा एक माणूस आठवड्यातून एकदा तिथे बसवा, १९६७ चे पुरावे बघायला. आणि भरती झाल्यावर किती पोरं ग्राउंडला गेली, किती लेखीला, किती लागली, हे त्या वर्गाच्या दारावर लावा. दिवा गावातली आगरी पोरं आली, कळव्याच्या चाळीतली यूपीवाली आली, तर त्यांनापण बसवून घ्या, कर्मणी प्रयोग त्यांनाही येत नाही.